भाटी नको, वाइन शॉप चालेल

गोव्यात दारू फार झाली, हे मला इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये बसून कुणी शिकवायला नको. म्हापशाहून कळंगुटला जाताना दोन्ही बाजूंच्या पाट्या मीही वाचल्यात. पण घरच्या ग्रुपवर भाईने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, परवा जे लिहिलं त्याने फिरलेलं डोकं अजून ताळ्यावर आलेलं नाही. मी एक फोटो टाकला होता. पांढरी प्लास्टिकची बादली, झाकणाला गॅस बाहेर सोडणारा एअरलॉक, आत पोर्टर ही काळी बिअर आंबतेय. बऱ्याच वर्षांनी पुन्हा घरी बिअर बनवायला घेतली, कुणीतरी कौतुक करील असं वाटलं होतं. भाईचं उत्तर आलं: ‘गोंय सोऱ्यान बुडलें, आनी हो थंय वचून घरांत सोरो करता.’ सोरो म्हणजे दारू. त्याखाली चार अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

भाईचं म्हणणं थोडक्यात असं. गोव्याची अब्रू दारूने घालवली, पर्यटक येतात ते प्यायला, पोरं बिघडली, रात्री रस्त्यावर माणसं मरतात, तेव्हा सरकारने एकदाची दारू बंद करावी. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सत्ताधारी बाकांवरूनच अशी मागणी झाली, तेव्हापासून त्याला चेव चढलाय. त्या मागणीत एक गंमत होती. कारखाने चालू राहू देत, माल बाहेर जाऊ दे, गोव्यात मात्र कुणी पिऊ नये! भाईला हे पटलं. भाईच्या फोंड्याच्या इमारतीत तळमजल्यावर वाइन शॉप आहे, त्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला बिनबोभाट जमा होतं, तेही त्याला पटलेलं आहे.

आपल्याकडे आक्षेप पिण्याला नसतोच मुळी, बनवणाऱ्या हाताला असतो. सीलबंद बाटली कारखान्यातून आली की ती दिवाणखान्यात काचेच्या कपाटात बसते. लग्नाच्या रिसेप्शनला स्कॉच ठेवणारी माणसं हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या गावठी दारूचा वास आला की नाक दाबतात. आणि घरात कुणी बादलीत बिअर लावली, तर तो खानदानाला बट्टा.

आता हे खानदान कुठलं ते सांगतो. आमचं भाट, म्हणजे काजूची बाग, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, डोंगराच्या उतारावर. मार्च ते मे आजोबांचा मुक्काम तिथे. बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडायचे नाहीत, पिकून खाली पडलेलेच वेचायचे. बिया पिरगाळून वेगळ्या, बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडी टाकीत घालून पायांनी तुडवायचे. चोथ्याचा ढीग बांधून वर धोंडा ठेवला की रात्रभर जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो, तो आम्हा पोरांचा. बाकीचा रस आपोआप आंबतो, बाहेरचं यीस्ट काही घालत नाहीत. मग तो भाणात, म्हणजे तांब्याच्या हंड्यात चढवायचा, खाली लाकडं, आणि वाफ थंड होऊन लावणीत, म्हणजे बाजूच्या मडक्यात उतरायची. हीच भाटी. एकदा काढली की हुर्राक, हुर्राकात नवा रस घालून परत काढली की फेणी. आजोबा करवंटीत थोडी घेऊन हलवायचे, बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघायचे आणि पुढच्या माणसाला नुसती मान हलवून सांगायचे. तीन महिने दारूत वावरलेल्या त्या माणसाला झिंगलेला मी कधी पाहिला नाही. भाईनेही पाहिला नाही. पण ग्रुपवर त्याला ते आठवत नाही.

इथे काय आहे? इथे १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागायचा. १९६३ साली रेजिनाल्ड मॉडलिंग या ब्रिटिश अर्थमंत्र्याने तो काढून टाकला. आज मी घरी बिअर बनवावी, मित्रांना पाजावी, विकली नाही म्हणजे झालं. ना कर, ना नोंद, ना इन्स्पेक्टर. जग बुडालं नाही. आपल्याकडे स्वतःपुरती बनवायची म्हटली तरी अबकारी खातं आडवं येतं, आणि आडवं आलं नाही तर भाई येतो. हां, गाळायची म्हटली तर इथेही परवाना लागतो, एक बाटली आणि तीही स्वतःसाठी असली तरी. म्हणजे आजोबांची भाटी मी स्विंडनच्या गॅरेजमध्ये लावली तर थेट गुन्हेगार. हे मी भाईला सांगितलेलं नाही. शुक्रवारी रात्री इथल्या टाउन सेंटरमध्ये काय दिसतं तेही नाही.

भाईच्या इतिहासात आजोबा मराठीसाठी सर्वस्व पणाला लावणारे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्यांनी फुलावर, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने मत दिलं हे खरं. आमचं घर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीपासून मगोचं, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, भाऊसाहेब बांदोडकरांचा फोटो देवघराच्या शेजारी. तेव्हा महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा होता आणि विलीनीकरण झालं तर भाट्या विझतील, माडाची सूर काढणारे रेंदेर उपाशी मरतील असं दोन पानांवाले, म्हणजे विलीनीकरणाचे विरोधक, गावोगाव सांगत होते. आजोबांची स्वतःची भाटी होती, तरी त्यांनी फूल निवडलं. भाई हे अभिमानाने सांगतो. मला विचाराल तर दारूबंदी सत्तरीचा डोंगर चढून वर येईल यावर आजोबांचा विश्वासच नव्हता. फूल चौतीस हजारांच्या फरकाने हरलं आणि पुढच्या मार्चला भाटी नेहमीसारखी लागली.

मग २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. आता ती नक्षीदार बाटलीत, टॉनिक आणि मिरचीची चीर घालून दिल्लीच्या पाहुण्यांसमोर येते. आमचं तांब्याचं भाण मात्र मोडीत गेलं. पावणीला, म्हणजे भाटीच्या हक्काच्या लिलावाला कोण उभं राहणार, माणसं मिळत नाहीत, पोरं नोकरीला, अशी कारणं होती आणि ती खोटी नव्हती. त्या पोरांतला एक मी.

बिअरकडे परत वळलो ते खरं तर पैशांमुळे. कर्जाचा हप्ता नव्या व्याजदराने बसला, कौन्सिल टॅक्स दर एप्रिलला चढतो, आणि पबमध्ये पाइंट पाच पौंडांच्या वर गेला. मधली वर्षं सुटलं होतं, भाड्याची घरं, रात्रपाळ्या, मग मुलगी लहान. शेडमधून जुनं सामान काढलं तर बादलीला आतून ओरखडे. ओरखड्यांत जंतू घर करतात, कुठल्याही पावडरीने निघत नाहीत, म्हणून तिच्यात कोथिंबीर लावली. सायफनची नळी कडक, हॉप्सच्या उघड्या पाकिटाला जुन्या चीजचा वास. हायड्रोमीटर तेवढा शाबूत. आणि विल्को नावाच्या ज्या दुकानातून पूर्वी सगळं घ्यायचो ते विल्कोच २०२३ मध्ये गेलं.

इथे हौशी मंडळी विजेवर चालणारी चकचकीत स्टीलची यंत्रं घेतात. मी पंधरा लिटरचं बिर्याणीचं पातेलं घेतलं, त्यामुळे एका वेळी दहाच लिटर होते, होऊ दे. बायकोने जुन्या जाळीच्या पडद्याची पिशवी शिवून दिली. तिच्यात भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव: मॅरिस ऑटर, थोडं क्रिस्टल, मूठभर काळं चॉकलेट. ६६ अंशांच्या पाण्यात तासभर. पातेलं गोधडीत गुंडाळलं की तासाभरात एखाददुसराच अंश उतरतो. ही गोधडी आजीची, तिला हे आवडलं असतं की नाही याचा विचार मी करत नाही. मग पिशवी उचलून निथळायची, पिळायची, आणि रस तासभर हॉप्सबरोबर उकळायचा. घरभर भाजक्या धान्याचा आणि कडवट गवताचा वास पसरतो आणि मुलगी खोलीचं दार आपटते.

स्विंडनचं पाणी जड. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो तोच माल्टच्या रसातही आडवा येतो, फिकट बिअरला तो मानवत नाही. काळ्या माल्टचा आंबटपणा मात्र त्याला पुरून उरतो, म्हणून मी पोर्टरच धरलीय. पाण्यात क्लोरीन असतं, त्याला अर्धी कॅम्पडेन गोळी पुरते. आणि उकळी संपायच्या दहा मिनिटं आधी त्यात माडाचा गूळ, तो काळा, शंकूसारखा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला. त्यातली साखर जवळजवळ सगळी यीस्ट खाऊन टाकतं, गोडी राहत नाही. राहतो तो किंचित खारट, धुरकट मागमूस. कुठल्या किटमध्ये हे येत नाही, हे मी इथल्या गोऱ्यांना आवर्जून सांगतो.

बादली १९ अंशांच्या आसपास ठेवायची, जिन्याखालच्या कपाटात. रसाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर १.०४८ वर होता, १.०१२ वर येऊन थांबला, म्हणजे अल्कोहोल पावणेपाच टक्क्यांच्या जवळ. ओळीने दोन दिवस तोच आकडा दिसल्याशिवाय बाटलीत भरायची नाही, नाहीतर बाटल्या फुटतात. बाटल्या मी विकत घेत नाही. सोड्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या धुऊन ठेवलेल्या आहेत, प्रत्येकीत अर्धा चमचा साखर. प्लास्टिकचा फायदा असा की दाबून बघता येते, टणक लागली की आत गॅस धरला. तळाचा यीस्टचा गाळ बरणीत भरून फ्रिजमध्ये जातो, पुढच्या वेळी विरजणासारखा कामी येतो आणि पाकिटाचे पैसे वाचतात. पाइंट पन्नास पेन्सच्या आत पडतो. यात माझे तास धरलेले नाहीत. ते धरले तर सरळ पबमध्ये जावं.

पण बनवणाऱ्याला घाई नसते, हे मला भाईला सांगायचं होतं. आधी आंबेपर्यंत थांबा, मग गॅस धरेपर्यंत थांबा. एवढं थांबलेला माणूस ती घशात ओतत नाही, उजेडाला धरून बघतो. निदान मी तरी बघतो. माझा शेजारी बघत नाही. तो सासष्टीचा, त्याच्या घरी दोन पानं होती. माडाचा गूळ त्याच्याच बॅगेतून आलेला. पहिला ग्लास त्याने एका दमात संपवला, मिशी पुसली आणि म्हणाला, ‘बरी आसा. हातूंत मात्शी फेणी घालया?’ आमच्या आजोबांनी एकमेकांविरुद्ध मतं दिली आणि आम्ही दोघे एकाच रांगेतल्या घरांत राहतो, एकाच वेअरहाऊसमध्ये कामाला होतो, दोघांचेही पासपोर्ट लाल, पोर्तुगीज.

हा लाल पासपोर्ट म्हणजे भाईच्या भात्यातला शेवटचा बाण. फोटोवरून वाद वाढला तेव्हा त्याने तो काढलाच: ‘तूं पुर्तुगेज जालो, तुका हांगाचें कितें पडलां?’ याला मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. इथे देतो. मी स्विंडन बरोच्या निवडणुकीत मत देतो, लंडनच्या संसदेसाठी देत नाही. लिस्बनच्या संसदेसाठी टपालाने देऊ शकतो, त्या शहरात मी फक्त कागदपत्रांसाठी गेलो होतो. माझ्या गावच्या पंचायतीसाठी मला मत नाही. दारूबंदी आली काय, बार वाढले काय, मला विचारणारं कुणी नाही. वडील १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत जन्मले म्हणून मला हा पासपोर्ट मिळाला. तो घेताना कुणावर सूड उगवायचा नव्हता, गोव्यात नोकरी नव्हती. भाईला सरकारी नोकरी लागली होती. हा फरक त्याच्या पोस्टमध्ये कधी येत नाही.

आणि खरा वाद बिअरचा नाहीच. भाईला भाट विकायचं आहे. गिऱ्हाईक बाहेरचं आहे, झोन बदलून घेतो म्हणतं, वर व्हिला होतील. भाटी गावाला कलंक आहे असं ठरलं की भाट विकणं सोपं जातं, हे मला उशिरा नाही, पहिल्या पोस्टलाच दिसलं होतं. मी म्हटलं, तुझा हिस्सा मी घेतो. तर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर बागायत विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, विकत घेता येत नाही. म्हणजे ज्या डोंगरावर मी बोंडू तुडवले तो दिल्लीचा माणूस घेऊ शकतो, मी नाही. यावर स्विंडनमधल्या कुणाशी बोलणार? शेजाऱ्याशी बोललो, त्याचं नुव्याचं घर असंच अडकलंय.

मात्र गोव्याचा नागरी कायदा भाईच्या लक्षात नव्हता. वारसांच्या सह्या लागतात, आणि नुसत्या माझ्या सहीने भागत नाही, बायकोचीही लागते. वकिलाने मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवलाय, इथे नोटरीकडून करून, अपॉस्टिल लावून परत धाडायचा. बायको म्हणते, दे सही, कर्जाचा अर्धा बोजा उतरेल. ती मडगावची आहे, तिने भाटी पाहिलेली नाही, आणि हिशेबात ती चुकत नाही.

मी भाईला खासगीत लिहिलं: सहीचं बघू, पण या मार्चला निदान बोंडू तरी गोळा करू देत. पावणीचे पैसे मी पाठवतो, नवं भाण लागलं तर त्याचेही. गावात भाटी लावणारा माणूस अजून एक आहे, त्याला विचार. भाईने निळ्या खुणा दाखवल्या, उत्तर दिलं नाही. वकिलाने मसुदा पुन्हा पाठवलाय, या वेळी बायकोच्या ईमेलवर.