झिगीच्या दौऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्या

जुलै उजाडला की ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीची एक गोष्ट न चुकता फिरायला लागते. सोबत लाल केसांचा फोटो, खाली शंभरेक बदाम. गोष्ट साधारण अशी: १९७२पर्यंत बोवी हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ६ जुलैच्या रात्री तो बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमात 'स्टारमॅन' लाइव्ह गायला आणि सकाळी स्टार होऊनच उठला. मग झिगी स्टारडस्ट नावाचं परग्रहावरचं सोंग घेऊन, तोंडावर वीज रंगवून तो अमेरिकेला गेला, तिथं जाईल तिथं हाऊसफुल. जपानमध्ये काबुकी हे तिथलं पारंपरिक नाटक बघून त्यानं वेष बदलला. आणि बरोब्बर वर्षभरानं, ३ जुलै १९७३ला, ऐन भरात असताना, कुणाला सुगावाही न लागू देता त्यानं स्टेजवरून संगीतसंन्यास जाहीर केला.

वाचायला झकास. मलाही ही गोष्ट पहिल्यांदा अशीच कळली आणि कित्येक वर्षं मी ती तशीच इतरांना सांगितली. पण तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठं ना कुठं लंगडतं. आणि लंगडतं तिथंच खरी गंमत आहे, म्हणून हा खटाटोप.

'कुणाला ठाऊक नव्हता' इथून सुरुवात करू. बोवीची पहिली रेकॉर्ड १९६४ची, तेव्हा तो डेव्ही जोन्स म्हणून गायचा. त्यानंतर बँड बदलले, नाव बदललं, रेकॉर्ड कंपन्या बदलल्या, मूकनाट्य शिकून झालं, आणि १९६९मध्ये 'स्पेस ऑडिटी' हे त्याचं गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत थेट पाचव्या क्रमांकावर गेलं. म्हणजे १९७२च्या ब्रिटनला हा माणूस माहीत होता. मात्र एक गाणं गाजून विझलेला म्हणून. पाटी कोरी असलेल्यापेक्षा हे जास्त अवघड. नवख्याला लोक एकदा तरी ऐकून घेतात, विझलेल्याला कोण विचारतो?

आता ती रात्र. मुळात ती लाइव्ह नव्हती; कार्यक्रम आदल्या दिवशी, ५ जुलैला, स्टुडिओत रेकॉर्ड झाला होता. 'स्टारमॅन' एप्रिलअखेर बाजारात आलं होतं, जूनमध्ये दुसऱ्या एका वाहिनीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात बोवीनं ते गाऊनही झालं होतं. 'टॉप ऑफ द पॉप्स'नं त्याला बोलावलं ते गाणं यादीत वर सरकायला लागलं म्हणून. बरं, त्या जगबुडी रात्रीनंतर 'स्टारमॅन' चढून चढून किती चढलं? दहाव्या क्रमांकापर्यंत. विझलेल्या माणसाचं जुनं गाणं पाचव्यावर जाऊन आलं होतं!

त्या तीन-चार मिनिटांना काहीच किंमत नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. गळ्यात निळी गिटार, अंगात रंगीबेरंगी चट्ट्यापट्ट्यांचा सूट, आणि गाता गाता बोवी गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकतो. १९७२च्या ब्रिटिश घरात, रात्रीच्या जेवणाच्या आसपास, आईवडिलांच्या देखत हे बघणं म्हणजे काय असेल! पुढं नावारूपाला आलेल्या गॅरी केम्प, इयन मॅककुलकसारख्या कितीतरी संगीतकारांनी आपली सुरुवात त्या संध्याकाळपासून मोजली आहे. ते खरंच. पण ती त्यांची सुरुवात. झिगी तोवर पाच महिने रस्त्यावर होता.

दौऱ्याची सुरुवात मोजतात ती १० फेब्रुवारी १९७२पासून. जागा: लंडनच्या नैऋत्येला टॉलवर्थ नावाच्या उपनगरात हमरस्त्यालगतचा 'टोबी जग' नावाचा पब. प्रेक्षक साठेक. आपल्याकडे लग्नाच्या एका पंगतीला याहून जास्त माणसं बसतात. त्याआधी २९ जानेवारीला एल्सबरीत नवा वेष घालून एक खेळ झाला होता, आणि तो बघायला रॉजर टेलर आपल्या छोट्या मिनी गाडीतून एका मित्राला घेऊन गेला होता. मित्राचं नाव फ्रेडी मर्क्युरी. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शाळा शिकलेला, तिथंच पहिला बँड केलेला. या दोघांचा क्वीन बँड तेव्हा नुकता रांगत होता. टीव्हीच्या आधी पाच महिने पाचगणीच्या पोरानं झिगी बघून ठेवला होता, ही माहिती मात्र कुठल्याच पोस्टीत नसते.

या सगळ्यात बँड कुठं आहे? फिरणाऱ्या गोष्टीत तो नसतोच. असलाच तर पार्श्वभूमीला. त्याचं नाव 'स्पायडर्स फ्रॉम मार्स', म्हणजे मंगळावरचे कोळी. प्रत्यक्षात तिघं उत्तर इंग्लंडातल्या हल आणि आसपासच्या भागातले: रॉन्सन, बासवर ट्रेव्हर बोल्डर, ड्रमवर वुडी वुडमन्सी. बोवीकडे येण्यापूर्वी रॉन्सन हलच्या नगरपालिकेत माळीकाम करायचा. बोलावणं आलं तेव्हा गडी रग्बीच्या मैदानावर रेघा मारत होता. अशा माणसाला सांगायचं की उद्यापासून सोनेरी सॅटिनची विजार आणि डोळ्यांत काजळ! रॉन्सन सामान भरून थेट स्टेशनवर गेला आणि समजूत घालून त्याला परत आणावं लागलं, हे वुडमन्सीनंच पुढं सांगितलं. बोल्डरच्या भल्या थोरल्या कल्ल्यांवर तर रुपेरी रंग फवारायचे. आणि बोवीचा तो लाल तुरा? तो बेकनहॅमच्या एका सलूनमधल्या सूझी फसी या पोरीनं कापला नि रंगवला. केस ताठ उभे राहावेत म्हणून तिनं वापरलं काय, तर कोंड्यावरचं औषध. परग्रहावरून आलेला झिगी असा गल्लीतल्या सलूनमधून आला होता.

चेहऱ्यावरच्या विजेचा मुद्दा छोटा आहे, पण सगळ्यात जास्त फसवतो, कारण फोटोच पुरावा म्हणून पुढं येतो. ती लालनिळी वीज 'अलॅडिन सेन' या १९७३च्या अल्बमच्या मुखपृष्ठावरची. जानेवारीत ब्रायन डफी या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत पिएर लारोशनं ती रंगवली. तिची कल्पना स्टुडिओतल्या नॅशनल पॅनासॉनिकच्या भाताच्या कुकरवरच्या चिन्हावरून सुचली असं सांगतात. तोंडावर ती वीज घेऊन झिगी कधी स्टेजवर आला नाही. शेवटच्या महिन्यांत त्याच्या कपाळावर असायचा तो सोनेरी गोल. वीज होती, पण मागं, स्टेजच्या सजावटीत. तेव्हा गणपतीत कुणी झिगीचं सोंग काढणार असाल तर कपाळावर गोल काढा.

आता अमेरिका. इथं जरा बैठक मारतो, कारण सगळ्यात मोठी थाप इथंच आहे.

बोवीला विमानाची भीती. म्हणून सप्टेंबर १९७२मध्ये तो 'क्वीन एलिझाबेथ २' बोटीनं न्यूयॉर्कला गेला. पहिला खेळ २२ सप्टेंबरला क्लीव्हलँडमध्ये, आणि तो खरोखर हाऊसफुल. पुढं २८ तारखेला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलसकट सगळी बडी मंडळी हजर. वर्तमानपत्रांनी एवढंच बघितलं आणि 'जिंकली अमेरिका' हा समज पसरला.

पण ११ ऑक्टोबरला सेंट लुईसला काय झालं ते बघा. कील ऑडिटोरियम, दहा हजारांच्या घरातलं सभागृह. आलेली माणसं दोनशेच्याही आत. डोळ्यांसमोर आणा: चमचमते कपडे, भिंतीएवढे स्पीकर, आणि समोर खुर्च्याच खुर्च्या, मध्येच कुठंतरी एखादं डोकं. बोवीनं काय केलं? सगळ्यांना पुढं बोलावून पहिल्या रांगांत बसवलं आणि घरगुती बैठक असावी तसा खेळ केला. ओस नाट्यगृहात प्रयोग केलेल्या कुठल्याही नटाला विचारा, हे काय दिव्य असतं. माझ्या लेखी झिगीच्या दौऱ्याची खरी रात्र ही. हिचा ना धड फोटो फिरतो, ना तारीख कुणाच्या लक्षात आहे.

पुढं सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये दोन रात्री निम्म्याहून जास्त जागा मोकळ्या. मधले काही खेळ रद्दच करावे लागले. ज्याच्या जिवावर हा सगळा डोलारा उभा होता, तो झिगीचा अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत पंचाहत्तराव्या.

मग क्लीव्हलँडच का भरलं? तिथल्या डब्ल्यूएमएमएस या एफएम स्टेशनच्या मंडळींनी बोवीच्या रेकॉर्डी आधीपासून वाजवून वाजवून लोकांच्या कानात बसवल्या होत्या. रेडिओनं जमीन नांगरून ठेवली तिथं पीक आलं. जिथं कुणी वाजवलं नाही तिथं सेंट लुईस झालं. क्लीव्हलँडची मागणी इतकी वाढली की नोव्हेंबरमध्ये दौरा तिथं परतला तो आणखी मोठ्या सभागृहात, लागोपाठ दोन रात्री. फिलाडेल्फियाही असंच पेटलं. अमेरिका नावाचा एकच एक देश बोवीनं जिंकला नाही. एकेक शहर, एकेक रेडिओ स्टेशन करत तो पुढं सरकला, आणि अधली मधली शहरं तशीच राहिली.

मग हाऊसफुलचा बोलबाला आला कुठून? त्याचं श्रेय मॅनेजर टोनी डीफ्रीजला. त्याचं गणित सोपं होतं: माणसाला स्टारसारखं वागवा, जग त्याला स्टार समजेल. म्हणून लिमोझिन, अंगरक्षक, महागडी हॉटेलं. लॉस एंजलिसला चाळीसेक माणसांचा गोतावळा बेव्हरली हिल्स हॉटेलात उतरला, खाऊनपिऊन सह्या करत राहिला, आणि बिल फाडलं ते रेकॉर्ड कंपनीच्या, म्हणजे आरसीएच्या नावावर. तिकीटबारीवर दौरा तोट्यात होता. पण रिकाम्या खुर्च्यांपेक्षा लिमोझिनचे फोटो लांब पोचतात. आज आपण जी गोष्ट पुढं ढकलतो ती थोडीफार डीफ्रीजचीच जाहिरात आहे, पन्नास वर्षं उलटूनही फुकटात चालू असलेली.

जपानचं थोडक्यात. पहिला खेळ ८ एप्रिल १९७३ला टोकियोत. पण काबुकीची गोडी बोवीला साठच्या दशकात लंडनमध्येच लागली होती, मूकनाट्याचा गुरू लिंडसे केम्प याच्याकडे. जपानी वेषकार कानसाई यामामोटोचे पोशाख तो जपान बघण्याआधी घालत होता. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ते दिसले आणि खुद्द यामामोटो बघायला हजर होता. काबुकीत स्त्रीभूमिका पुरुष करतात याचं पाश्चात्त्यांना जे नवल वाटतं ते बालगंधर्वांच्या मुलखात सांगायला नकोच. खरी गंमत परतीची: विमान नको, म्हणून योकोहामाहून बोट, मग सैबेरियातून आगगाडी, मॉस्कोत मे दिनाची परेड, आणि मे महिन्यात लंडन. आल्या आल्या १२ मेला अर्ल्स कोर्टच्या अवाढव्य हॉलमध्ये अठरा हजारांपुढं खेळ, आणि तो साफ फसला. आवाज मागं पोचेना, स्टेज दिसेना, गर्दी पुढं घुसली. म्हणजे एकदा हॉल मोठा नि माणसं नाहीत, एकदा माणसं आहेत नि आवाज नाही.

राहिली शेवटची रात्र. लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन, ३ जुलै. माहितीपट करणाऱ्या पेनीबेकरचे कॅमेरे चालू. शेवटच्या गाण्याआधी बोवी म्हणतो की हा खेळ सगळ्यात जास्त काळ आमच्यासोबत राहील, कारण 'हा या दौऱ्याचा शेवटचा खेळ तर आहेच, पण आम्ही करणार असलेला शेवटचा खेळही हाच.' किंचाळ्या, आणि मग 'रॉक 'एन' रोल सुइसाइड'.

मराठी पोस्टींत या 'आम्ही'चं 'मी' होतं आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. संगीत सोडतो असं बोवी म्हणालाच नव्हता. संपत होता तो झिगी आणि त्याचा बँड. आणि 'कुणालाच माहीत नव्हतं' हेही खोटं. डीफ्रीजला माहीत होतं, रॉन्सनला माहीत होतं. माहीत नव्हतं ते बोल्डर आणि वुडमन्सीला, म्हणजे त्याच स्टेजवर पाठीमागं वाजवत असलेल्या दोघांना. अमेरिकेतल्या दौऱ्यात त्यांना कळलं होतं की नंतर आलेल्या पियानोवाल्या माइक गार्सनला आपल्या कितीतरी पट पगार आहे. त्यांनी आवाज उठवला होता. आरसीएही अमेरिकेच्या तिसऱ्या फेरीचा खर्च उचलायला तयार नव्हती. त्यात शेवटचे सात आठवडे ब्रिटनभर खेळांवर खेळ, कित्येकदा दिवसाला दोन. दमलेला गायक, चिडलेला बँड, हात आखडलेली कंपनी. त्या वाक्यामागं एवढं सगळं होतं, पण कॅमेऱ्यात ते फक्त नाट्य म्हणून उतरलं.

आणि संन्यास किती टिकला? त्याच जुलैमध्ये बोवी फ्रान्समधल्या एका शाटोत, म्हणजे जुन्या वाड्यात, नवा अल्बम रेकॉर्ड करत होता. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या मार्की क्लबात अमेरिकन टीव्हीसाठी तीन दिवस चित्रीकरण, आणि १४ जून १९७४ला मॉन्ट्रिअलला पुढचा दौरा सुरू. रॉन्सन त्या शाटोत होता. बोल्डरही होता, पण ज्याला आधी विचारलं त्या बासवादक जॅक ब्रूसनं नकार दिला म्हणून. वुडमन्सीला हॅमरस्मिथनंतर काही दिवसांत, त्याच्या लग्नाच्या दिवशी, कळवण्यात आलं की फ्रान्सला यायची गरज नाही. ड्रमवर एन्स्ली डन्बार बसला.