इशारा पातळी

सांगलीत पाण्याचा विषय निघाला की माणूस आधी आयर्विन पुलाकडे बघतो. तिथं कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका. दुधातल्या पाण्याला असा पूल नाही, म्हणून मी लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात सोडायची आकड्यांची काडी, विकत आणला.

निमित्त सायीचं. सोमवारपासून ती धरेना. बायकोनं भिशीच्या पैशातून नवं ऐसपैस पातेलं घेतलं होतं, त्यात तर ती जास्तच केविलवाणी दिसायची. आई म्हणाली, "मामांचा हात सैल सुटलाय. पाण्याचा."

मामा आमचे रतीबवाले. पहाटे साडेपाचला गाडीला दोन्हीकडे कॅन लटकवून येतात, माप झालं की वर एक धार जास्त घालतात. एवढ्या भल्या माणसावर संशय घ्यायचा तर अभ्यास हवा. केला. म्हशीच्या दुधाला साधारण फॅट 6 टक्के, एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) 9. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करून सील लावतो, हेही वाचलं. मी चार वाट्या भरल्या. त्यातला एक शासकीय नमुना चिरंजीवांनी बिस्किट बुडवून संपवला.

मंगळवारी मामांच्या देखतच काडी सोडली. आकडा 25, म्हणजे कमीच. मी पूर आल्यासारखा चेहरा केला.

मामा शांत. "सर, आत्ता धार काढून आणलंय. कोमट दुधात काडी बुडणारच की ओ. 27 डिग्रीवर येऊ द्या, मग बघा."

पाऊण तासानं बघितलं. 28 च्या वर, म्हणजे दूध ठीक.

दुसऱ्या दिवशी मामांनीच विषय काढला. डेअरीवर रोज त्यांच्या दुधाची फॅट-डिग्री (स्निग्धांश आणि काडीचा आकडा) होते, त्यामुळे त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा पक्का. "तुमच्या काडीचं काय खरं न्हाई सर. पाणी घातलं की आकडा उतरतोय, साय काढली की चढतोय. दोन्ही केलं, की काडी म्हणती, झकास!"

"मग कळायचं कसं?"

"फॅट काढायला लागतंय. ॲसिड घालून नळी फिरवायची. आता मशीन आलंय म्हणा."

इतकं सविस्तर सांगितल्यावर माझा संशय जायला हवा होता. तो दुप्पट झाला. मग ताटाच्या पालथ्या बाजूवर थेंब ओघळवून पांढरी रेघ उमटते का ते बघितलं (उमटली), स्टार्चसाठी आयोडीन टाकून बघितलं (निळं झालं नाही). आयोडीनचं दूध अर्थातच मोरीत. चार दिवसांत मी तपासणीपायी एवढं दूध ओतलं, की तेवढं पाणी घालायला मामांना महिना लागला असता.

शुक्रवारी लवकर जाग आली. स्वयंपाकघरात आई नव्या पातेल्यात पाणी ओतत होती. एक वाटी, दोन, तीन. मग वरून दूध.

"हे काय?"

"तळाला लागू नये म्हणून. जुन्याला अर्धी वाटी पुरायची. हे मेलं बूड केवढं आहे बघ."

मी काडी पुसून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली.

शनिवारी मामांनी माप घातलं, थांबले, माझ्या हाताकडे बघितलं.

"काय सर, आज काडी न्हाई?"

"फुटली," मी म्हणालो.

मामांनी एक धार जास्त घातली.