अश्वगंधा आणि मुलांची चिडचिड: एका आक्षेपाला उत्तर

तुमचे म्हणणे असे, की अश्वगंधा मन शांत करते, तर तिने मूल चिडचिडे कसे होईल? आणि मुलांमध्ये असा परिणाम सिद्ध झालेला नसताना पालकांना घाबरवायचे कशाला?

सिद्ध झालेला नाही, हे कबूल. पण बहुतेक चाचण्या प्रौढांवरच्या आणि काही आठवड्यांच्याच आहेत. मुलांना ती महिनोन्‌महिने दिली तर चालते, हेही त्यांतून ठरत नाही.

चिडचिडीचे म्हणाल, तर अश्वगंधेने गुंगी येऊ शकते. मोठे माणूस पेंगते, लहान मूल मात्र किरकिर करते, हट्टाला पेटते. दुसरे कारण थायरॉइडचे. अश्वगंधा घेणाऱ्या काही प्रौढांत थायरॉइडची संप्रेरके वाढल्याच्या नोंदी आहेत. ती वाढली की धडधड, हातांना कंप, झोप उडणे, अस्वस्थता. घरच्यांना यातला बहुधा आक्रस्ताळेपणाच तेवढा दिसतो.

‘एकच तर गोळी देतो’ यावर विसंबू नका. ३०० मिलिग्रॅम अर्कात विथेनोलाइड (अश्वगंधेतले मुख्य सक्रिय घटक) ५ टक्के असतील तर १५ मिलिग्रॅम पोटात जातात, १० टक्के असतील तर ३०. गोळी तेवढीच, मात्रा दुप्पट.

शंका आली की गोळी थांबवा आणि रोज लिहून ठेवा: झोपेची वेळ, रात्री किती वेळा जाग आली, दिवसात किती वेळा भडका उडाला. त्या काळात शाळेची वेळ, दुसरे औषध, काहीच बदलू नका. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. गुंगीमुळे असेल तर थोड्याच दिवसांत उतार दिसावा. थायरॉइडमुळे असेल तर वेळ लागतो, कारण रक्तातले टी४ (थायरॉइडचे मुख्य संप्रेरक) निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा जातो. दोन दिवसांत फरक नाही म्हणून अश्वगंधेला निर्दोष ठरवू नका, आणि खात्री करायला पुन्हा देऊनही बघू नका.

रक्त तपासणार असाल तर अश्वगंधेच्या डबीवर बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व) लिहिले आहे का, ते आधी वाचा. काही तपासणी पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) खोटेच कमी आणि टी४ खोटेच जास्त दिसते, म्हणजे हुबेहूब थायरॉइडची संप्रेरके वाढल्याचे चित्र! निदान दोन दिवस आधी ते बंद हवे. जाताना डबीच सोबत न्या, नुसते ‘आयुर्वेदिक काहीतरी देतो’ सांगून डॉक्टरांना काही कळत नाही.

डोळे पिवळे, लघवी गडद किंवा अंगाला खाज दिसली, अथवा मूल स्वतःला इजा करण्याचे बोलू लागले, तर नोंदी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.