मतपत्रिकेवर पक्ष नव्हता, सभागृहात होता

महापालिका निवडणुका जवळ आल्या की आपल्याकडे एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: "दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधल्या शहरांत महापालिकेची निवडणूक पक्षाविना होत असे. मतपत्रिकेवर ना पक्षाचे नाव, ना चिन्ह. १९२८ पासून प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत होते. लोक एकाच दिवशी सगळे सभागृह आणि महापौर निवडत. पैशाला वाव नव्हता, म्हणून कोणीही उभे राहू शके." आपणही तसेच करावे, असा सल्ला शेवटी जोडलेला असतो.

यातले मतपत्रिकेबद्दलचे वाक्य खरे आहे, पैशाबद्दलचे अर्धे खरे आहे, बाकीची चूक आहेत. आणि जे खरे आहे त्यावरून काढलेला निष्कर्षही चूक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

"मतपत्रिकेवर पक्ष नाही, म्हणजे निवडणूक पक्षाविना."

१८७२ च्या गुप्त मतदान कायद्यापासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे आडनाव, नाव, पत्ता आणि व्यवसाय एवढेच छापले जाई, तेही आडनावांच्या वर्णानुक्रमाने. पक्षाचा उल्लेख करायला परवानगी मिळाली ती थेट १९६९ च्या कायद्याने. हा नियम संसदेच्या निवडणुकीलाही लागू होता. त्याच तर्काने चालायचे तर हुजूर पक्षाचे बाल्डविन आणि मजूर पक्षाचे मॅकडोनाल्ड या पंतप्रधानांच्या लढतीही पक्षाविना झाल्या असे म्हणावे लागेल.

मतपत्रिका मुकी होती, म्हणून पक्षाच्या यंत्रणेला जास्त राबावे लागे. प्रत्येक गल्लीची मतदार यादी कापून कार्डांवर चिकटवायची, दारोदार जाऊन आपला, विरोधी, काठावरचा अशी खूण करायची. पत्रकात नमुना मतपत्रिका छापून आपल्या माणसाच्या नावापुढे फुली दाखवायची. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारात, म्हणजे बहुधा शाळेच्या फाटकाशी, कार्यकर्ता बसे आणि मत देऊन आलेल्याचा यादी क्रमांक विचारून टिपून घेई. ते कागद तासातासाला प्रभागातल्या कार्यालयात पोचत आणि तिथे मत देऊन झालेली नावे खोडली जात. मतदान सकाळी ८ ते रात्री ८. कारखाने सुटल्यानंतरचे शेवटचे दोन-तीन तास निर्णायक असत, आणि उरलेल्या नावांची दारे तेव्हा ठोठावली जात. ज्या पक्षाची कार्डे नीट नसत, तो या तासांत विरोधकाच्याच मतदारांना केंद्रावर आणून सोडी.

पक्ष नसल्याचा भास कुठून आला, हेही पाहू. १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये, युद्धानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, मजूर पक्षाने शहराशहरांत मुसंडी मारली. त्यानंतर अनेक ठिकाणी हुजूर आणि उदारमतवादी पक्षांनी आपापसातल्या लढती बंद केल्या आणि पक्षाचे नाव नसलेली आघाडी उघडली. शेफील्डमध्ये ती सिटिझन्स असोसिएशन, ब्रिस्टलमध्ये सिटिझन पार्टी. लंडनमध्ये म्युनिसिपल रिफॉर्म हे नाव तर त्याआधीपासूनच चालत होते. "नगरभवनात राजकारण नको" ही या आघाड्यांची घोषणा होती. म्हणजे आज पुरावा म्हणून जे वाक्य पुढे केले जाते, ते मुळात एका बाजूचे प्रचारवाक्य आहे.

शेफील्डचा निकाल पाहिला तर शंका राहत नाही. सार्वत्रिक संप मे १९२६ मध्ये मोडला आणि १ नोव्हेंबर १९२६ ला शेफील्ड हे मजूर पक्षाचे बहुमत असलेले इंग्लंडमधले पहिले मोठे शहर झाले. अर्नेस्ट रोलिन्सन गटनेते होते. सभेआधी गटाची बैठक व्हायची आणि समित्यांवर कोण जाणार हे तिथे ठरायचे. समिती अध्यक्षपदे बहुमताकडे गेली. हे पक्षाचे राज्यच होते.

"१९२८ पासून प्रत्येक प्रौढाला मत."

ही सगळ्यांत मोठी चूक आहे, आणि चांगली अभ्यासू माणसेही ती करतात. कारण १९१८ आणि १९२८ चे कायदे संसदेच्या मताधिकारासाठी प्रसिद्ध आहेत. स्थानिक मताधिकार त्याच कायद्यांत होता, पण वेगळ्या कलमात आणि वेगळ्या कसोटीवर. संसदेसाठी पुरुषाला वय आणि राहण्याचे ठिकाण पुरे होते. महापालिकेसाठी जागा लागे: मालक किंवा भाडेकरू म्हणून सहा महिने घर, खोली, दुकान किंवा जमीन ताब्यात हवी. त्याच्याबरोबर त्याच्या बायकोलाही मत, १९१८ ला तिशी पूर्ण असेल तर आणि १९२८ नंतर एकविसाव्या वर्षापासून. जागा बाईच्या नावावर असेल तर १९२८ नंतर तिच्या नवऱ्यालाही.

एक घर डोळ्यांपुढे आणा. वर्ष १९३०. भाड्याच्या घरात आईवडील, २४ वर्षांचा मुलगा, २२ वर्षांची मुलगी, आणि सामानासकट भाड्याने दिलेल्या खोलीत एक पोटभाडेकरू. संसदेसाठी या घरात पाच मते. महापालिकेसाठी दोन, फक्त आईवडिलांची. पोटभाडेकरूने तीच खोली रिकामी घेऊन स्वतःची खाट आणि कपाट आणले असते, तर तो भाडेकरू ठरून त्याला मत मिळाले असते. मालकाच्या घरी राहणारी मोलकरीण वयाने कितीही मोठी असो, यादीत नाही. उलट, शहराबाहेर हवेशीर उपनगरात राहणाऱ्या दुकानदाराला शहरातल्या दुकानामुळे मत होते.

कारण साधे आहे. महापालिकेचा कर जागेवर बसे आणि तो भरणाऱ्यानेच खर्चावर बोलावे, ही जुनी समजूत. बऱ्याच चाळवजा घरांत कर भाड्यात मिळवलेला असे आणि घरमालक तो परस्पर भरी. तरीही जागेचा ताबा भाडेकरूचा म्हणून मत त्याचेच. याच समजुतीतून कर भरणाऱ्या बायकांना महापालिकेचे मत १८६९ मध्येच मिळाले होते, संसदेच्या मताच्या अर्धशतक आधी. मात्र १८७२ च्या न्यायालयीन निवाड्यानंतर ते विवाहितेला नाकारले गेले. तेव्हा "१९१८ ला बायका पहिल्यांदा मतदान केंद्रावर गेल्या" हे वाक्यही शहरांपुरते खोटे आहे.

दोन्ही याद्या एक झाल्या त्या १९४५ च्या कायद्याने, आणि त्या यादीवर मतदान झाले १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये. मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक १९४८ ची. दोन्हींत फार अंतर नाही.

"एकाच दिवशी सगळे सभागृह."

मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा लंडनमधल्या बरोंचे, म्हणजे शहराच्या आतल्या छोट्या नगरपालिकांचे, नियम सगळ्या देशाला लावले आहेत. तिथे दर तीन वर्षांनी सगळ्या जागांची निवडणूक होई. व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ मध्ये सेंट पँक्रसचे नगरसेवक झाले ते अशाच निवडणुकीत. मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड, बर्मिंगहॅम इथे मात्र पद्धत वेगळी होती.

तिथे प्रत्येक प्रभागात साधारणपणे तीन नगरसेवक, मुदत तीन वर्षे, आणि दर वर्षी १ नोव्हेंबरला त्यांतला एक निवृत्त. १ तारखेला रविवार आला तर मतदान सोमवारी. मतदाराला एका वर्षी एकच फुली. शिवाय नगरसेवकांच्या संख्येच्या एक तृतीयांश ऑल्डरमन. त्यांना जनता निवडत नसे, सभागृह निवडे, सहा वर्षांसाठी. दर तीन वर्षांनी त्यांतले निम्मे निवृत्त होत.

१९११ मध्ये हद्दवाढ झालेल्या बर्मिंगहॅमचे आकडे घेऊन हिशेब करू. ३० प्रभाग, ९० नगरसेवक, ३० ऑल्डरमन, एकूण १२०. बहुमताला ६१. एका वर्षी मतदारांपुढे येतात ३० जागा, म्हणजे सभागृहाचा चौथा हिस्सा. समजा, निवृत्त न होणाऱ्या ६० नगरसेवकांत एखाद्या पक्षाचे २० आहेत आणि ऑल्डरमन एकही नाही. त्याने त्या वर्षी तिसांच्या तीस जागा जिंकल्या तरी बेरीज ५०. मतदारांनी एकमुखाने कौल दिला तरी सत्ता नाही. ऑल्डरमन विरोधकांकडेच राहिले, तर त्याला ९० पैकी ६१ नगरसेवक जमवावे लागतील, ५१ टक्के नव्हे, दोन तृतीयांशांहून जास्त.

ऑल्डरमनची निवड होई ९ नोव्हेंबरला. १९१० पासून ऑल्डरमनना या निवडीत मत देता येत नसे, पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. काही शहरांत पक्षांनी बळाप्रमाणे किंवा ज्येष्ठतेप्रमाणे जागा वाटून घेण्याचा संकेत पाळला. काही ठिकाणी काठावरच्या बहुमताने सगळ्या जागा आपल्याकडे ओढल्या. १ तारखेला प्रभागात पडलेला माणूस ९ तारखेला ऑल्डरमन होऊन सभागृहात परत येऊ शके. नगरसेवक ऑल्डरमन झाला की त्याची प्रभागातली जागा रिकामी होई आणि लगेच पोटनिवडणूक. १८८२ च्या कायद्यानुसार प्रभागाचा निवडणूक अधिकारीही सभागृहाने नेमलेला ऑल्डरमनच असे.

या चक्रामुळे निकाल वाचताना हमखास फसगत होते. वर्तमानपत्रे "इतक्या जागा वाढल्या" असे छापत, पण तुलना गेल्या वर्षाशी नसून तीन वर्षांपूर्वीशी असे. १९१९ च्या लाटेत आलेल्या जागा १९२२ ला पणाला लागल्या. १९३१ ला संसदेची निवडणूक झाली २७ ऑक्टोबरला, १ नोव्हेंबरला रविवार होता, म्हणून शहरांनी मत दिले सोमवारी २ तारखेला, मजूर पक्षाच्या धुव्याला आठवडाही उलटला नव्हता. त्या दिवशी गेलेल्या जागा १९३४ ला परत मतदारांपुढे आल्या, तेव्हा मजूर पक्षाची वाढ डोळे दिपवणारी दिसली. शेफील्डमध्ये मजूर पक्षाने १९३२ ला सत्ता गमावली आणि १९३३ ला परत मिळवली. एका वर्षात शहराचे मन पालटले असे वाटते, पण १९३२ ला पक्ष १९२९ च्या भरघोस वर्षातल्या जागा राखत होता आणि १९३३ ला १९३० च्या पडत्या वर्षातल्या. पहिल्या वेळी गमावण्याजोगे बरेच होते, दुसऱ्या वेळी थोडेच. मंदीचा आणि बेकारांना भत्ता देण्याआधी होणाऱ्या घरच्या उत्पन्नाच्या चौकशीचा परिणाम होताच (१९३० पासून गरीबसाहाय्याचे काम या महापालिकांकडे आले होते), पण जागांचे चक्र पाहिल्याशिवाय तो मोजता येत नाही.

"महापौर जनता निवडे."

नाही. महापौर किंवा लॉर्ड मेयर ९ नोव्हेंबरला सभागृह निवडे, एका वर्षासाठी. तो सभागृहाबाहेरचाही असू शके: पुढे पंतप्रधान झालेले क्लेमंट ॲटली १९१९ मध्ये लंडनमधल्या स्टेपनीचे महापौर झाले तेव्हा ते नगरसेवक नव्हते. सत्ता समित्यांच्या अध्यक्षांकडे आणि गटनेत्याकडे असे.

"पैशाला वाव नव्हता, कोणीही उभे राहू शके."

संसदेसाठी १५० पौंड अनामत लागे, महापालिकेसाठी काहीच नाही, हे खरे. अर्जावर सूचक, अनुमोदक आणि प्रभागातले आणखी आठ मतदार, अशा दहा सह्या पुरत. १८८४ च्या कायद्याने खर्चाला मर्यादाही होती: २५ पौंड, आणि ५०० च्या वरच्या प्रत्येक मतदारामागे ३ पेन्स. ६,५०० मतदारांच्या प्रभागात वरचे ६,००० गुणिले ३, म्हणजे १८,००० पेन्स. २४० पेन्सचा पौंड, म्हणून ७५ पौंड. एकूण मर्यादा १०० पौंड. तेव्हा कामगाराची मजुरी आठवड्याला तीन पौंडांच्या आसपास होती. मर्यादा गाठायची तर सात-आठ महिन्यांची कमाई ओतावी लागे. पैसे देऊन प्रचारक ठेवायला आणि मतदारांची ने-आण भाड्याच्या गाडीने करायला बंदी होती. मात्र कोणी आपली मोटार फुकट दिली तर चाले, आणि त्या काळी मोटारी कोणत्या बाजूकडे जास्त होत्या हे सांगायला नको.

खरी अडचण निवडून आल्यानंतर सुरू होई. नगरसेवकाला मानधन नव्हते. सभा आणि समित्यांच्या बैठका बहुधा दिवसा भरत. रोजंदारीवरच्या माणसाचा प्रत्येक बैठकीला पगार कापला जाई. म्हणून मजूर पक्षाच्या बाकांवर संघटनांचे पगारी पदाधिकारी, लहान दुकानदार आणि गृहिणी अधिक दिसत. महापालिकेच्या नोकराला तर उभेच राहता येत नसे. ट्राम, वीज, पाणी, शाळा महापालिकेच्या असलेल्या शहरांत याचा अर्थ ट्रामचा कंडक्टर, वीजघरातला फिटर आणि महापालिकेच्या शाळेतला शिक्षक हे सगळे बाद. बैठकीपायी बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याची तरतूद आली ती १९४८ च्या कायद्यात.