‘नजरेच्या अंदाजाने घडवलेल्या’ इटालियन गाड्या: एका फॉरवर्डला उत्तर

दर काही महिन्यांनी तोच फॉरवर्ड फिरून येतो. वर लाल फेरारीचा फोटो, खाली मजकूर: ‘युद्धानंतर इटलीतले कारागीर नकाशा, मोजमाप काही न घेता नजरेच्या अंदाजाने पत्रा ठोकून गाड्या घडवत. म्हणून एकीसारखी दुसरी नाही. आकार फक्त सौंदर्यासाठी, इंजिनं दुर्मीळ. मग कारखाने आले आणि ही कला मेली.’ वाचायला गोड आहे, पण त्या बॉडी बांधणाऱ्यांवर, म्हणजे गाडीचं बाहेरचं पत्र्याचं कवच घडवणाऱ्या स्वतंत्र कारखान्यांवर, अन्याय करणारं आहे.

पहिला मुद्दा नजरेच्या अंदाजाचा. फेरारीच्या बॉडी बांधणाऱ्या मोदेनाच्या सर्जिओ स्काल्येत्तींबाबत हे बऱ्याच अंशी खरं आहे. त्यांच्या हातच्या काही फेरारींची डावी-उजवी बाजू ताडून पाहिली तर तंतोतंत जुळत नाही. पण स्काल्येत्ती म्हणजे अख्खी इटली नव्हे. मिलानच्या टूरिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीची ‘सुपरलेजेरा’, म्हणजे ‘अतिहलकी’, पद्धत घ्या. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा करायचा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा आणि कडा नळीभोवती दुमडायच्या. पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे ओल लागली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं; जुनी गाडी दुरुस्तीला घेणाऱ्याची झोप उडते ती इथेच. या पद्धतीचं पेटंट होतं, आणि अ‍ॅस्टन मार्टिनने डीबी ४ साठी तिचा परवाना घेतला. नजरेच्या अंदाजाचा परवाना कोण विकत घेतो? याच टूरिंगने मासेराती ३५०० जीटीच्या सुमारे दोन हजार कूपे (दोन दारांच्या बंद टपाच्या गाड्या) बांधल्या.

तुरीनच्या बर्तोने या बॉडी बांधणाऱ्यांची गोष्ट तर आणखी मजेशीर. अल्फा रोमिओची जुलिएत्ता सेडान वेळेवर तयार होईना. कंपनीच्या सरकारी मालकांनी रोखे विकताना सोडतीत जुलिएत्ता देण्याचं कबूल करून ठेवलेलं, तेव्हा ओरड सुरू झाली. वेळ मारून नेण्यासाठी कूपे आधी काढायचं ठरलं, आणि १९५४ च्या तुरीन प्रदर्शनात बर्तोनेने बांधलेली जुलिएत्ता स्प्रिंट आली. थोड्याशाच गाड्या कराव्या लागतील असा हिशेब होता. पुढे वीस हजारांहून जास्त झाल्या. ‘एकीसारखी दुसरी नाही’ हे त्या वीस हजारांना कोण सांगणार?

दुसरा मुद्दा, आकार फक्त सौंदर्यासाठी. झागातो या बॉडी बांधणाऱ्या कंपनीच्या गाड्यांच्या टपावरचे ते दोन उंचवटे आठवा. फियाट-अबार्थ ७५० वर ते आहेत, कारण वारा कमी अडावा म्हणून टप खाली आणलं आणि मग चालकाचं डोकं आपटायला लागलं. डोक्यापुरतीच जागा वर काढली, बाकी टप खालीच ठेवलं. आज लोक त्याला शिल्प म्हणतात. म्हणोत बापडे. कंपनीचे संस्थापक उगो झागातो मुळात विमानांच्या कामातून आलेले. वजन कमी करणं त्यांच्या हाडात होतं. १९५६ च्या मिले मिलिया या रस्त्यावरच्या शर्यतीत अपघातात चेपलेली एक जुलिएत्ता स्प्रिंट त्यांच्याकडे आली, तिला हलकी ॲल्युमिनियमची बॉडी मिळाली, आणि त्यातूनच पुढे अल्फाची एसझेड निघाली.

तिसरा मुद्दा, दुर्मीळ इंजिनं. इथे मुंबईकरांनी जरा सरसावून बसावं. चिसितालिया २०२ ही तुरीनच्या पिनिन फरिना या बॉडी बांधणाऱ्यांनी घडवलेली कूपे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ च्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे आपल्या संग्रहात घेतली. बॉनेट, मडगार्ड, दिवे, सगळं एकाच सलग पृष्ठभागात मुरलेलं; बॉनेट मडगार्डांपेक्षा खाली. आणि आत काय? फियाट ११०० च्या १,०८९ सीसी इंजिनाची सुधारलेली आवृत्ती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचं इंजिनही त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं. म्हणजे म्युझियममध्ये ठेवलेल्या त्या गाडीची भावकी आपल्या जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीशी निघते. गिऱ्हाईक पैसेवाले होते हे मान्य, चिसितालिया स्वस्त नव्हतीच. पण यंत्र चारचौघांच्या गाडीतलं होतं.

शेवटचा मुद्दा, कारखान्यांनी कला मारली. पूर्वी कंपनी वेगळी चासी (इंजिन-चाकं बसवलेला खालचा सांगाडा) द्यायची आणि त्यावर कुणीही बॉडी चढवायचा. तळ आणि बॉडी एकत्र जोडलेल्या गाड्या आल्यावर चढवायला मोकळी चासीच उरेना. खरा घाव तो. त्यावर तोडगा म्हणून पिनिन फरिना आणि बर्तोने तुरीनजवळ ग्रुल्यास्कोला गेले आणि स्वतःच कारखानदार झाले. म्हणजे फॉरवर्डमधला खलनायक हाच त्यांचा आधार ठरला. टूरिंगनेही तेच करून पाहिलं. ब्रिटनच्या रूट्स कंपनीच्या कामाच्या भरवशावर मिलानजवळ नोव्हा मिलानेझेला मोठा कारखाना टाकला, पण ते काम आटलं आणि १९६६ मध्ये कुलूप लागलं. लाम्बोर्गिनीची पहिली विक्रीची गाडी, ३५० जीटी, टूरिंगनेच बांधली होती. नंतरच्या मिउराची चासी मात्र बर्तोनेकडे गेली.