पहिला एक, बक्षीस भलत्यालाच

आमच्या दिवाणाच्या पोटात दोनच विषयांची पुस्तकं आहेत: रेडिओचा इतिहास आणि मोटारींच्या पहिल्यावहिल्या शर्यती. बहुतेक सगळी मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेली आणि दर वेळी "हे शेवटचं" म्हणून घरात शिरवलेली.

2027 चा सिंहस्थ त्यांच्या मुळावर आला. नाशिकला घर असलं की रामकुंड आपल्या मोरीतच आहे, अशी नातेवाइकांची समजूत असते. हिने आतापासूनच जादा गाद्या करून घेतल्या. गाद्यांना दिवाण हवा, म्हणून पुस्तकं बाहेर.

"एकेक हातात घ्या आणि सांगा, हे का ठेवायचं?" ही म्हणाली. आई खुर्चीत, ही समोर, दाराशी रद्दीवाला काटा घेऊन उभा. बचावाच्या वकिलाला इतकं पोषक वातावरण क्वचित मिळतं.

मी आईच्या वयाकडे बघून रेडिओपासून सुरुवात केली. 23 जुलै 1927, मुंबई. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं लॉर्ड आयर्विनच्या हस्ते उद्घाटन. लायसन्स वर्षाला 10 रुपये. तीन वर्षं व्हायच्या आत कंपनीचं दिवाळं! कारण सगळ्या हिंदुस्थानात लायसन्सं आठ हजारसुद्धा नव्हती.

"आणि चोरून ऐकणारे?" आईने विचारलं.

"ते होतेच."

"मग बरोबर. आमच्या वाड्यातसुद्धा लायसन्स एकाचं आणि ऐकायला सगळा वाडा."

आई वळतेय असं पाहून मी बीबीसी काढली. तिथले साहेब जॉन रीथ इतके कडक, की संध्याकाळी बातम्या देणाऱ्याने मेजवानीचा काळा कोट घालूनच माइकसमोर बसायचं. रेडिओवर!

"दिसत नसताना?" आई खूश झाली. "नाहीतर आमचा नातू. मीटिंगला वरून शर्ट, खाली बर्म्युडा."

रेडिओ वाचला. हिने डोळ्यांनीच 'पुढे' म्हटलं.

मोटारींच्या शर्यतींत हिला रस नाही, कारण माझी स्कूटर गंगापूर रोडवर सायकलींना वाट देत चालते. म्हणून मी थेट 1894 च्या पॅरिस–रुआंपासून धरलं. 126 किलोमीटर. सगळ्यात आधी पोचले काउंट द दिओं, सरासरी ताशी जेमतेम 19 किलोमीटर.

"द्वारका सर्कलला संध्याकाळी एवढा वेग मिळाला तर मी नारळ फोडीन," ही म्हणाली.

पण द दिओंना पहिलं बक्षीस मिळालंच नाही! त्यांची गाडी वाफेची. भट्टीत कोळसा घालायला वेगळा माणूस लागायचा, आणि गाडी एकट्याला सहज हाकता यायला हवी अशी अट. बक्षीस प्यूजो आणि पानार यांच्यात वाटून दिलं. पुढच्याच वर्षी पॅरिस–बोर्दो–पॅरिस. एमिल लव्हासोर 48 तास 48 मिनिटांत, जवळजवळ सलग गाडी हाकून, पहिला. पण त्याची गाडी दोन सीटची, नियमात चार. म्हणून पहिलं बक्षीस केशलँला. तो मागून अकरा तासांनी आला होता!

आता इथे माझा आवाज थोडा चढला असेल. या दोन निकालांनी मी आजही अस्वस्थ होतो.

"नियम आधी वाचायला नकोत?" ही शांतपणे म्हणाली. "घे रे बाबा, काटा लाव."

आईने हिचीच बाजू घेतली. सार्वजनिक वाचनालयाला देऊ, असं मी सुचवलं, तर "त्यांच्याकडे 1840 पासून साठतायत, त्यात तुमची कशाला?" असं उत्तर आलं.

मला वाचवलं ते रद्दीवाल्याने. दोन पुस्तकं उचलून त्याने पानांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "काका, हा गुळगुळीत कागद. याला भाव नाही. पेपर असतील तर सांगा." एवढं बोलून तो सरळ शेजारच्यांकडे गेला. इतिहासाबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. पुस्तकं माळ्यावर गेली, अर्थात मीच चढवली.

त्याच आठवड्यात डोंबिवलीहून मेहुणा आला. "तेव्हा फार गर्दी होईल, आधीच दर्शन उरकतो." सकाळी निघाला, कसारा घाटात अडकला, इगतपुरीला पंक्चर, आणि रात्री दहाला दारात. 1895 च्या त्याच शर्यतीत मिशलँ बंधू हवा भरलेले टायर घालून उतरले होते आणि वाटभर पंक्चरच काढत बसले, हे मी त्याला सांगणार होतो. पण हिने त्याला गरम पिठलं-भाकरी वाढली, दिवाणावर नवी गादी घातली आणि मला सतरंजी दिली. केशलँला हेच मिळालं असणार.

"भाऊजी, झोपायच्या आधी वाचायला काही आहे का हो?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आतच ही म्हणाली, "द्या की त्याला ते मोटारींचं. दमलाय, लगेच झोप लागेल."

शिडी गच्चीवर होती.