मामा, तळ्यात केंदाळ टाकू नका

शनिवारी सकाळी मामांचा फोन आला. "पंचगंगेतनं ट्रॉलीभर केंदाळ आणलंय. तळ्यात सगळं एकदम टाकू का थोडं थोडं?" गेले कित्येक आठवडे शेततळेवाल्यांच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्याचा गोषवारा असा: जलपर्णी, म्हणजे आमच्याकडचं केंदाळ, हे माशांचं फुकट खाद्य आहे, तिच्यात ४० टक्के प्रथिनं असतात, गवत्या मासा (ग्रास कार्प) रोज आपल्या वजनाइतकी जलपर्णी खातो, कटला-रोहूही तिच्यावरच वाढतात म्हणून पेंड-कोंडा बंद करा, आणि नदीत गवत्या सोडले की नदी साफ होते. बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) विकणाऱ्यानंही मामांना हेच सांगितलं होतं. मला राग आला तो त्याचा, कारण त्याला खरं काय ते माहीत असणार.

आधी ४० टक्क्यांचं बघू. हा आकडा लेम्नाचा आहे. पाण्यावर हिरव्या टिकल्यांसारखी पसरते ती लेम्ना. चांगल्या खतावलेल्या पाण्यात वाढवली तर तिची प्रथिनं चाळीसच्या आसपास जातात, तीही सुकवून मोजली तर. कमकस पाण्यात ती खूप खाली येतात. मेसेज लिहिणाऱ्यानं लेम्नाचा आकडा उचलून केंदाळाला चिकटवला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २००९ मध्ये शेवाळ आणि पाणवनस्पतींच्या मत्स्यखाद्य म्हणून वापरावर एक मोठा आढावा काढला. त्यात अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं), लेम्ना, जलपर्णी, पाण्याखालच्या वनस्पती यांचा विचार वेगवेगळा केलाय. जलपर्णीच्या बाबतीत वाळवणं, कुजवणं, आंबवणं अशा प्रक्रिया येतात. ट्रॉली उपसली आणि तळ्यात रिकामी केली, असं काम ते नाही.

हिशेब करून बघा. ताज्या केंदाळात शंभरातले ९३-९५ भाग पाणीच असतं. १०० किलो केंदाळात सुकं वजन सहा किलोच्या आसपास, आणि त्यातली प्रथिनं किलोभरही भरत नाहीत. तेवढी प्रथिनं अडीच किलो शेंगदाणा पेंडीत मिळतात. १०० किलो उपसायची मजुरी आणि ट्रॅक्टरचं डिझेल धरलं तर हे फुकट कसं?

पण पैसे गेले तर परत मिळवता येतात, तळं मेलं तर मासे परत येत नाहीत. मामा, म्हणून एवढं नीट वाचा. केंदाळ तरंगतं, त्याला मातीची गरज नाही, प्लास्टिकच्या तळ्यातही ते वाढतं. मासे खात नाहीत तोवर त्याची चादर पसरत जाते. खाली ऊन पोचत नाही, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन तयार करणारं बारीक शेवाळ मरतं. केंदाळाची पानं पाण्याच्या वर असतात, ती सोडतात तो ऑक्सिजन हवेत जातो. मेलेली पानं-मुळं तळाशी कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही ओढून घेतात. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि सकाळी पांढरी पोटं दिसतात. त्यात हे केंदाळ पंचगंगेतलं, म्हणजे शहरांच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्यात वाढलेलं. पाण्यातले जड धातू शोषून घ्यायला ही वनस्पती इतकी पटाईत आहे, की सांडपाणी शुद्ध करायलाच तिचा वापर होतो. जे नदीनं टाकलं ते आपण घरच्या माशात कशाला घालायचं?

गवत्या वजनाइतकं खातो, हे मात्र अर्धं खरं आहे आणि ते मला मान्य करावं लागेल. पाणी उबदार असेल आणि पाला कोवळा असेल तर खातो. हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी वनस्पती), लेम्ना, अझोला तो आवडीनं खातो, बांधावरचं कोवळं गवतसुद्धा. खाल्लेल्यातलं बरंचसं अर्धवट पचून बाहेर पडतं, त्यानं पाणी खतावतं आणि चंदेऱ्या माशाला (सिल्व्हर कार्प) त्याचा फायदा होतो. केंदाळाचं जाड पान त्याला नको असतं. त्यात अळूसारखेच टोचरे स्फटिक असतात. आणि मामांनी आणलीत ती दोन इंची बोटुकली, त्यांच्या तोंडात ते पान मावणार कसं?

कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो. त्याला पाला घालून पेंड बंद करणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं.

नदीचं काय ते थोडक्यात सांगतो. गवत्या १९५९ मध्ये हाँगकाँगहून कटकला आला. तो केंदाळ संपवणारा असता तर आज उजनीच्या पाण्यावर ते दिसलं नसतं. नदीत सोडलेला हा परदेशी मासा केंदाळाला तोंड लावणार नाही, पण आपले देशी मासे ज्या पाण्याखालच्या झाडोऱ्यात अंडी घालतात आणि लपतात तो खाऊन टाकेल.

मामा, ट्रॉली उसाच्या कडेला खड्ड्यात रिकामी करा, वर शेण टाका, खत होईल. तळ्याच्या एका कोपऱ्यात बांबूची चौकट तरंगती बांधा. त्यात वाढवायला मी रविवारी अझोला घेऊन येतो. बोटुकली हाताएवढी होईपर्यंत पेंड-कोंडा चालूच ठेवा.